तिसरा खिळा

कोंडीरामच्या कंपनीत गेटजवळ एक मोठी फळी होती. आत जाताना आपला पितळी बिल्ला उजव्या खिळ्यावरून काढून डाव्या खिळ्यावर लावायचा, सुटताना परत उजवीकडे. कोण आत, कोण बाहेर, ते एका नजरेत कळे. त्याच फळीवरून त्याला पोरीसाठी युक्ती सुचली.

पोरगी चिमा, आठ वर्षांची. बोलत नसे, हाक मारली तर वळत नसे, आणि दार उघडं दिसलं की थेट हमरस्त्याकडे चालू पडे. शाळेच्या मास्तरांनी दोन दिवसांत हात टेकले. शेजारच्या गोजाबाईला तर जगातलं सगळंच कळायचं; तिनं "पोरीला बाहेरचं लागलंय" म्हणून निकाल देऊन टाकला. कोंडीरामनं कुणाचंच ऐकलं नाही. मशीनच्या खोक्याची एक फळी घरी आणली, खिळे ठोकले आणि पत्र्याचे तीन बिल्ले कापले. त्याच्या बिल्ल्यावर एक टिंब, बायकोच्या, कस्तुराच्या बिल्ल्यावर दोन, चिमाच्या तीन. डावीकडे घर, उजवीकडे बाहेर. त्याखाली ओळीनं आंघोळीसाठी साबणाचं वेष्टन, वेणीसाठी रिबीन, जेवणासाठी चमचा. काम झालं की ती वस्तू काढून डब्यात टाकायची.

सहा महिने कस्तुरानं पोरीचा हात धरून रोज तेच केलं. तोंडानं कमी बोलायची, बोटानं जास्त दाखवायची. हळूहळू चिमा आपली आपण आंघोळीला जाऊ लागली. साडेतीनचा भोंगा झाला की फळीसमोर बसून राही. बाप येई, सायकल स्टँडवर लावी, बिल्ला डावीकडे अडकवी, मग तिघं जेवत. पोर रस्त्यावर जायची थांबली, यातच कस्तुराला सगळं मिळालं होतं.

मग अठ्ठ्याहत्तरच्या भाद्रपदात कामावर जाताना कोंडीरामच्या सायकलीला ट्रकनं उडवलं. तो जागीच गेला. घरातला त्याचा बिल्ला उजवीकडेच राहिला.

चिमानं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. बाप आल्याशिवाय जेवायचं नाही, हे तिला शिकवलं होतं ना. चौथ्या दिवशी भोंगा झाल्यावर कस्तुरानं आपल्या हातानं नवऱ्याचा बिल्ला डावीकडे लावला. पोरीनं लगेच तीन ताटं मांडली आणि जेवली.

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी कस्तुरा त्याला बाहेर लावी, भोंग्याला घरात घेई. त्याच्या ताटात आधी अर्धी भाकरी वाढायची, मग अख्खी. चिमा रिकाम्या पाटाकडे बघून हसायची. पुढं पुढं कस्तुराला सायकलच्या स्टँडचा आवाज यायला लागला. अंगावर काटा यायचा, आणि बरंही वाटायचं. स्वतःचं जेवण विसरून ती त्या पाटाकडे तोंड करून बसून राही.

"त्यो येतोय गं," गोजाबाई दारातूनच म्हणाली. "पोरीला दिसतोय. देवरुशाला दाव."

"मीच आणतीया त्याला," कस्तुरा म्हणाली.

एका दुपारी चिमा फळीसमोरून हलणार नाही या भरवशावर ती रेशनला गेली आणि रांगेत अडकली. भोंगा झाला. बिल्ला सरकवायला घरात कुणी नव्हतं. ती धापा टाकत परतली तर दार सताड उघडं. बापाचा बिल्ला नाही, पोरगी नाही.

समोरून कंपनीचा वॉचमन साहेबराव चिमाचा हात धरून येत होता.

"वहिनी, रस्ता वलांडून गेटावर आली. बिल्ला घिऊन हुभी व्हती. ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हनून पोर हाय."

त्या संध्याकाळी कस्तुरानं कोंडीरामच्या फोटोखाली एक खिळा ठोकला. घराचा नाही, बाहेरचा नाही, तिसराच. त्याचा बिल्ला तिथं लावला आणि पाट उचलून ठेवला. चिमानं बिल्ला काढून आणला. कस्तुरानं परत लावला. पोरगी किंचाळली, भिंतीवर डोकं आपटू लागली. कस्तुरा भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला हात धरून बसली. दोन दिवस असेच गेले. चिमा जेवेना, आणि कस्तुराला जेवण आठवतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भोंगा झाला तशी चिमा उठली. फोटोखालच्या बिल्ल्याला तिनं हात लावला नाही. फळीवरचा आईचा बिल्ला काढला आणि तोही त्याच खिळ्यावर अडकवला.

पोरीला एक धपाटा घालावा असं कस्तुराला वाटलं, पण पोर चुकली कुठं होती? तीन महिने आई त्या पाटापाशीच होती. जिवंत लेक शेजारी जेवतेय, हे तिनं धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिनं आपला बिल्ला काढून डावीकडे लावला. दोन ताटं वाढली. भाकरीचा तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला. चिमा बघत राहिली, मग तिनं आपलं ताट ओढलं.

दुसऱ्या दिवशी भोंग्याला बाहेर सायकलचा स्टँड वाजला. भाकरी थापता थापता कस्तुरानं दाराकडे पाहिलंच. चिमानं पाहिलं नाही. ती फळीपाशी गेली, आईचा बिल्ला डावीकडेच आहे ना, ते बोटानं चाचपून आली आणि दोन ताटं मांडली.