जुन्या मापाचा कुडता

मी शिवलेल्या पहिल्या कुडत्याची डावी बाही दोन इंच आखूड झाली, म्हणून तो घातल्यावर माझा डावा हात दोन इंच आखूड झाला. दुखलं वगैरे काही नाही. बाही मनगटावर नीट बसली. कुडता काढला तरी हात तेवढाच राहिला.

तासगावात पिठाच्या गिरणीवर खटावकर बाईंचा शिवणक्लास आहे. दुसऱ्या दिवशी मी बाईंना हात दाखवला. त्यांनी टेप लावून पाहिली.

"माया सोडली नव्हतीत तुम्ही," त्या म्हणाल्या. शिलाईत दबणारं जास्तीचं कापड, ती माया. "पहिल्या कपड्याला सगळ्याच विसरतात."

"बाही उसवली तर हात परत येईल?"

"कापलेलं वाढत नाही. पुढचा नीट शिवा."

शेजारच्या मशीनवर शिर्केवहिनी होत्या. त्यांचा उजवा खांदा महिनाभर कानाला लागलेला होता. त्या टीप मारत राहिल्या.

घरी मी आणि माझी धाकटी बहीण नलू, दोघीच. ती गेल्या वर्षापासून आजारी. डॉक्टर दर सोमवारी वजन करायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे नाहीत. तिचे जुने कपडे तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसायचे. मी भात वाढत असताना तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"अक्का, म्हणजे कपडा जसा, तसं अंग होतं?"

"असं दिसतंय खरं."

ती उठली आणि कपाटातून आपला जुना हिरवा ब्लाउज घेऊन आली. "या मापाचा मला कुडता शीव."

"नलू, मी अजून शिकतेय. टीप वाकडी गेली तर?"

"वाकडी असेन," ती म्हणाली. "पण असेन."

बाईंना विचारलं, तर त्यांनी मशीनवर कापड टाकून झाकलं. "स्वतःचं जमेपर्यंत दुसऱ्याचं शिवायचं नसतं."

"दुसरी कुठे? बहीण आहे."

बाईंनी कपाट उघडून मला नवा खडू दिला.

मी अडीच मीटर निळं सुती कापड आणलं आणि मशीन नलूच्या खाटेजवळ ओढून घेतलं. छाती छत्तीस, दंड अकरा. सगळीकडे दोन-दोन बोटं माया सोडली. पहिल्या दिवशी मागचा आणि पुढचा भाग कापला. दुसऱ्या दिवशी खांदे जोडले. तोवर नलू खाटेच्या निम्म्या भागात मावायला लागली. तिसऱ्या दिवशी मी एकच बाही तीनदा उसवली, कारण उजवी डावीकडे लागत होती. त्या दिवशी नलूची बांगडी कोपरावरून सरकून दंडात गेली. ती काढायचा कंटाळा येतो म्हणाली. चौथ्या दिवशी तिला उशीला टेकवून बसवलं, तर उशीला खळगासुद्धा पडला नाही.

"झालं का?"

"दुसरी बाजू राहिलीय."

"लवकर कर गं."

मी पायाने मशीन पळवलं. दुपारी तीनच्या सुमाराला शेवटची टीप संपली आणि मी दोरा तोडला. कुडता मशीनवरून पूर्ण उचलायच्या आत नलूने तो ओढून घेतला आणि खालून आत शिरली.

आधी हात भरले. दोन्ही बाह्यांतून गोल, गहूवर्णी मनगटं बाहेर आली, आणि वर दंडात बांगडी फुटल्याचा आवाज झाला. मग छाती, कंबर. खाट करकरली. टीप एका कुशीला जराशी वाकडी होती, तिथे नलूही जराशी वाकली. दोन वर्षांपूर्वीची माझी बहीण माझ्यासमोर बसली होती. मला रडू आलं.

"अक्का, बरं वाटतंय गं," ती आतून म्हणाली.

आतून म्हणाली, कारण डोकं बाहेर आलं नव्हतं. गळा सगळ्यात शेवटी कापायचा असतो. मी खडूने नुसता गोल काढून ठेवला होता. तो तसाच होता, आणि श्वासाबरोबर थोडासा वरखाली होत होता.

"हलू नकोस," मी म्हणाले.

"नाही हलत. काप."

मी कात्री घेतली. दुसऱ्या हाताचं बोट खडूच्या रेघेवर ठेवलं. कापड ऊबदार होतं. बोटाखाली नाडी लागत होती.

"काप ना," नलू म्हणाली.