मुठीतला माल

पस्तीस वर्षं मी स्लॅब टाकतोय. माल बरोबर आहे की नाही, हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. काँक्रीटच्या गाडीच्या पन्हळीतून मूठभर माल घ्यायचा, दाबायचं, मूठ उघडायची. गोळा राहिला तर ठीक, भुगा झाला तर घट्ट, बोटांतून ओघळला तर पातळ. सगळ्या साइटवर माझ्या मुठीला मान होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

मग माझी पुतणी इंजिनिअर होऊन माझ्याच साइटवर आली. शाळेचं काम होतं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून सळया मोजणारी ही पोर आता हेल्मेट घालून मालात थर्मामीटर खुपसायची.

"ताप आलाय का गं त्याला?" मी विचारायचो. माझी माणसं खिदळायची.

ती हसायची नाही. "आलाय, काका. पस्तिसाच्या वर गेला की गाडी परत."

त्या दिवशी सहाची गाडी साडेअकराला आली. प्लांटवर काहीतरी बिघडलं होतं म्हणे. ऊन असं, की सळईला हात लावला तर कातडी निघावी. पूर्वी उन्हाळ्यात असे चार दिवस यायचे, आता चार दिवस बरे जातात. माल वाटेतच घट्ट झाला होता. मी ड्रायव्हरला खूण केली आणि त्यानं पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडला. आमच्या धंद्यात सगळेच करतात हे. माल लोण्यासारखा उतरतो. ताकद जाते, पण ती काही डोळ्यांना दिसत नाही.

"पाणी बंद करा!" पुतणी धावत आली. तिनं थर्मामीटर मालात घातला आणि वाचला. "एकोणचाळीस. त्यात वरून पाणी. ही गाडी परत. स्लॅब उद्या पहाटे."

ठेकेदार सावलीतून उठून आला. "परत? अगं, मिस्त्रींनी पस्तीस वर्षांत एका स्लॅबला तडा जाऊ दिला नाही. तुझ्या काडीचं ऐकू, की त्यांच्या मुठीचं? मिस्त्री, बघा आणि सांगा हिला. मग ती माल पास केल्याची सही करेल, नाहीतर हेल्मेट ठेवून घरी जाईल."

"हेल्मेट ठेवते," ती म्हणाली. पण जागची हलली नाही. "सही करणार नाही. खाली मुलं बसणार आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मूठभर माल घेतला, दाबला, मूठ उघडली. गोळा झक्क होता. पण असाच झक्क गोळा मी गेल्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या गच्चीवर पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर भेगांचं जाळं उमटलं. माणसं जेवायला बसली तेव्हा मी एकट्यानं सिमेंटचं पाणी ओतलं, वरून झाडू फिरवला आणि गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती गच्ची आता गळते आणि बोल लागतो प्लंबरला.

"चांगला आहे" एवढंच म्हणायचं होतं. माझा मान राहिला असता आणि पोर घरी गेली असती.

"दवाखान्याच्या गळतीवरून प्लंबरला शिव्या देऊ नका," मी म्हणालो. "गच्ची माझ्यामुळं गळते. असाच गरम माल, असंच पाणी, आणि हीच मूठ. भेगा पडल्या त्या मी बुजवल्या."

कुणी खिदळलं नाही. ठेकेदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, हात दाखवून अवलक्षण कशाला? उद्या कोण काम देईल तुम्हाला?"

"नका देऊ!" मी ओरडलोच. "माझा हात जुन्या उन्हात शिकला. हे ऊन त्याला कळत नाही. तिला कळतंय, तर तिचं ऐका."

मी पन्हळ धरली, मोकळ्या जमिनीकडे फिरवली आणि ड्रायव्हरला म्हणालो, "सोड." त्यानं ठेकेदाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माल सोडला. ठेकेदार ओरडत राहिला. माझी माणसं एकेक करून अवजारं खाली ठेवत होती. तिला घालवलं तर थापी धरायला कुणी उरणार नाही, हे त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना गाडी आली. सवयीनं माझा हात पुढं गेला. मी तो मागं घेतला.

"किती?" मी विचारलं.

"सत्तावीस," पुतणी म्हणाली. "आता मुठीत घेऊन बघा, काका."

स्लॅब नऊच्या आत संपला. मी छिन्नी-हातोडा पिशवीत टाकला. ठेकेदारानं विचारलं, "आता कुठं?"

"दवाखान्याच्या गच्चीवर. बुजवताना कुणी बघत नव्हतं. उकरताना सगळ्यांना बघू दे."

"थांबा," पुतणी म्हणाली, आणि स्वतःचं हेल्मेट काढून तिनं माझ्या डोक्यावर ठेवलं. "ऊन चढायच्या आत जाऊ."