वासरांतली गाय

तुरतुरी दोन्ही शाळांच्या प्रवेश परीक्षा पास झाली आणि घरात पेढे वाटण्याआधीच वाद सुरू झाला.

वडील दातांच्या कवळ्या बनवायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले, आणि तुरतुरी लहानपणापासून प्लास्टरच्या जबड्यांशी भातुकली खेळत मोठी झाली होती. डॉक्टर व्हायचं हे तिनं दुसरीत ठरवलं होतं. शाळा कोणती, एवढाच काय तो प्रश्न होता.

टेकडीवरची शाळा म्हणजे हुशारांची खाण. तिथं प्रत्येक जण आपापल्या जुन्या शाळेत पहिला आलेला. बाजारामागची शाळाही चांगली, पण अभ्यास सोपा, आणि तुरतुरी तिथं डोळे मिटून पहिली आली असती. मेडिकलच्या प्रवेशात शाळेतले गुणही धरतात, म्हणून डॉक्टर मावशीनं रविवारी घरी येऊन निकालच देऊन टाकला.

"बाजारामागची घे. गुणांचा खेळ आहे हा. टेकडीवर जाऊन तिसावी येण्यात काय शहाणपण?"

मावशी म्हणजे घरातली एकमेव डॉक्टर. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. वडिलांनी मान डोलावली. आई बस चालवायची, ती ड्युटीवर निघताना चपला चढवत म्हणाली, "आधी दोन्ही शाळा बघून तर येऊ दे तिला. न बघता कोण मत देतं?"

टेकडीवरच्या शाळेत नव्या मुलांसाठी एक नमुना तास ठेवला होता. प्रयोगशाळेत दोघींमागे एक मेंढीचं स्वच्छ धुतलेलं हृदय ताटलीत ठेवलेलं. तुरतुरीची जोडीदार एक उंच, चष्मेवाली मुलगी होती. तुरतुरीनं मनातल्या मनात तिचं नाव 'लंबू' ठेवलं.

बाईंनी सांगितलं, "डावी बाजू शोधा आणि तिथून उघडा."

तुरतुरीनं मोठ्या आत्मविश्वासानं कात्री चालवली. उघडून बघते तर भिंत पातळ, म्हणजे बाजू उजवी! तिचे कान तापले. जुन्या शाळेत तिचं कधी चुकलं नव्हतं, आणि चुकलं असतं तरी सांगणारं कोणी नव्हतं.

"चुकलं माझं," ती पुटपुटली.

"मलाही डावी हीच वाटली होती," लंबू म्हणाली. "थांब, ही नळी कुठं निघते बघू." तिनं काचेची कांडी वरच्या नळीत सरकवली. कांडी खाली तुरतुरीनं कापलेल्या कप्प्यातच निघाली.

"म्हणजे ही फुप्फुसांकडं जाणारी!" दोघी एकदमच ओरडल्या. बाईंनी लांबूनच "शाब्बास" म्हटलं आणि त्या पुढच्या टेबलाकडं वळल्या.

तुरतुरी घरी आली ती उड्या मारतच. मावशी जेवायला थांबली होती.

"मी टेकडीवर जाणार."

वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं, बाजारामागं पहिली येशील."

"बाबा, वासरांत लंगडी गाय शहाणी! मला लंगडतच डॉक्टर व्हायचं नाही."

आई ड्युटीवरून नुकतीच आली होती, तिला हसू आवरेना. मावशी मात्र हसली नाही. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि सरळ विचारलं, "आणि मागं पडलीस तर रडत बसशील?"

"रडेन की. पण बसणार नाही."

मावशीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "जा मग," ती म्हणाली.

पहिल्या सहामाहीत तुरतुरीचा नंबर वर्गात निम्म्याच्याही खाली आला. आईच्या कुशीत तोंड खुपसून ती मनसोक्त रडली, मग नाक पुसून तिनं लंबूला फोन लावला. "तू मला रसायनशास्त्र सांग, मी तुला जीवशास्त्र सांगते. उद्या शाळा भरायच्या आधी?" लंबूला जीवशास्त्राचं वेड होतं, पण रक्त बघितलं की तिला घेरी यायची, म्हणून प्रयोगांत ती मागं पडायची, आणि हे तिनं तुरतुरीशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षापर्यंत दोघी रोज वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर एकमेकींची डोकी खात राहिल्या. शेवटच्या परीक्षेत तुरतुरी पाचवी आली. लंबू पहिली आली, आणि पूल बांधायचं शिकायला निघून गेली.

मेडिकलला तुरतुरीला जागा मिळाली. पहिल्या पसंतीच्या नाही, दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजात.

मावशीनं फोनवर आधी तोंड भरून कौतुक केलं, मग न राहवून म्हणालीच, "माझं ऐकलं असतंस तर पहिल्या पसंतीचंही मिळालं असतं हो."

"मिळालंही असतं, मावशी," तुरतुरी म्हणाली. "पण तिथं पहिल्याच दिवशी माझी भंबेरी उडाली असती. आता सगळे हुशार आहेत म्हणून मला घाम फुटणार नाही."

मावशी पलीकडून खळखळून हसली. "बरं, डॉक्टरीणबाई. या रविवारी घरी ये. माझी पुस्तकं घेऊन जा, आणि जड आहेत, तेव्हा बाबांनाही आण."