खिळ्यावरचं मुसकं

मी मुसकं बोलतोय. कुत्र्याच्या तोंडाला बांधतात ना, ती चामड्याची जाळी. तोंड बंद ठेवणं हेच ज्याचं काम, त्यानंच तोंड उघडावं हे शोभत नाही, हे मला कळतं. बोलावं की बोलू नये, यावर मी बराच घोळ घातला. पण माझ्यावर आळ आला, आणि तो एका मुक्या जिवाच्या गळ्याशी आला. एवढं होऊनही गप्प बसायचं, तर मग मी खरोखरच नुसतं कातडं. म्हणून बोलतो. कुठे चुकलो तर पोटात घाला.

माझा जन्म पट्टे आणि लगाम शिवणाऱ्या एका दुकानातला. जाड काळं चामडं, दुहेरी शिवण, पितळी बक्कल. मला मुद्दाम ऐसपैस शिवलं होतं. कुत्र्याला माझ्या आत जबडा उघडता यावा, धापा टाकता याव्यात, पाणी पिता यावं. चावता मात्र येऊ नये. मी शिक्षा नाही, हे माझ्या अंगाच्या मापातच होतं. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे, "रागावून लावू नका. आत खाऊ ठेवा, त्याचं त्याला नाक घालू द्या." गिऱ्हाईक "हो हो" म्हणे आणि पिशवी मागे.

मला नेलं ते दातांच्या एका डॉक्टरांनी. त्यांच्या घरी एक वर्षाचा कुत्रा होता, रॉटवायलर जातीचा. काळा कुळकुळीत, भुवयांवर तांबूस ठिपके, डोकं हे एवढं गरगरीत. म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं भोपळा. डॉक्टरांना काहीतरी भारदस्त नाव हवं होतं, पण कुत्रा 'भोपळा' म्हटल्यावरच धावत यायचा. त्यापुढे डॉक्टरांचं काही चालेना.

डॉक्टरांनी असला कुत्रा का आणला, हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटलं नाही. राखायला घरात काय होतं? तिसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर, शेजारी सगळे सज्जन. मग एकदा मला त्यांच्याबरोबर रस्त्यावर जायला मिळालं, तेही त्यांच्या खिशात कोंबून, आणि उलगडा झाला. भोपळा दिसला की माणसं भिंतीला चिकटायची. मग डॉक्टर हसून म्हणायचे, "घाबरू नका हो, तो काही करत नाही." लोकांनी आधी घाबरायचं आणि मग यांनी अभय द्यायचं! त्या एका वाक्याच्या चैनीसाठी एवढा मोठा कुत्रा पोसला होता. असं म्हणणं कदाचित अन्यायाचं होईल. त्यांचा भोपळ्यावर जीवही होता. पण जीव असणं आणि जबाबदारी असणं यांत फरक आहे, एवढं चामड्यालाही कळतं.

"अहो, जिन्यात तरी ते मुसकं लावा," बाई म्हणायच्या.

"म्हणजे लोकांना वाटेल कुत्रा वाईट आहे!"

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. तळमजल्यावरच्या टेलरमावशी त्याला पाहिलं की पायरीवर थिजतात."

"मावशी पालीलासुद्धा घाबरतात."

"पाल चावून हात तुटत नाही."

यावर डॉक्टर वर्तमानपत्र उघडायचे. निरुत्तर झालेल्या माणसाला वर्तमानपत्रासारखा आसरा नाही.

बाहेर लोकलाजेस्तव मला लावलं नाही. घरात मात्र लावलं, आणि तेच नको तिथे. भोपळा जेवताना डॉक्टरांनी त्याची थाळी ओढली, तो गुरगुरला. "माझ्यावर गुरगुरतोस?" लगेच मला आवळलं आणि त्याला गच्चीत कोंडलं. पाहुण्यांच्या पोरानं त्याचा कान पिळला, तो गुरगुरला. पुन्हा मी, पुन्हा गच्ची. कुत्र्याच्या मनातलं तुला काय कळणार, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, मी काही छातीठोक सांगत नाही. पण त्याचं नाक माझ्या आत असायचं. त्याचा श्वास गरम व्हायचा, तो थरथरायचा, ते कुणाला आधी कळणार?

गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा, असं माणसांना वाटतं. अहो, ती सूचना असते! 'मला हे सोसत नाही, जरा मागे व्हा,' एवढंच कुत्रा सांगत असतो. कान मागे जातात, अंग ताठ होतं, डोळ्यांचं पांढरं दिसू लागतं, तो ओठ चाटतो, आणि यातलं काहीच कुणी वाचलं नाही तर शेवटी गुरगुरतो. या घरात त्या शेवटच्या सूचनेला शिक्षा होती. तेव्हा भोपळा शहाण्यासारखा शिकला. त्यानं गुरगुरणं सोडून दिलं.

"बघितलंस?" डॉक्टर बाईंना म्हणाले, "वळण लागलं की नाही!"

मग मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं, ते वर्षानुवर्षं तिथेच. माझ्या जाळीत किल्ल्या अडकवू लागले, पट्ट्यावर छत्री. चामड्याला अधूनमधून तेल लागतं, नाहीतर ते वाळतं, चरे पडतात. तेल सोडा, कुणी माझ्यावरची धूळही झटकली नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा हा माणूस, पण घरातल्या एका तोंडाकडे त्यानं कधी नीट पाहिलं नाही.

टेलरमावशी डॉक्टरांचे दवाखान्यातले पांढरे कोट शिवायच्या. त्या दुपारी त्या नवा कोट घेऊन वर आल्या. प्लॅस्टिकच्या आवरणात, हँगरला लावून, हातभर उंच धरलेला. दार डॉक्टरांनी उघडलं. भोपळा त्यांच्या पायाशी मोकळा होता. मी दारामागे, वीतभर अंतरावर.

"आधी त्याला आत बांधा ना डॉक्टर," मावशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

"या हो मावशी! किती वर्षं बघताय त्याला. तो काही करत नाही."

"मग ते मुसकं तरी लावा. तिथेच तर लटकतंय."

"तुम्ही घाबरता ना, त्याचा त्याला वास येतो. बिनधास्त या."

त्या आल्या. प्लॅस्टिक सळसळलं, कोट वाऱ्यानं भोपळ्याच्या डोक्यावरून फडफडत गेला. त्याचे कान मागे गेले. अंग ताठ झालं. गुरगुर मात्र आली नाही. कशी येणार?

त्यानं मावशींचा उजवा हात धरला.

पुढे जे झालं ते आठवलं की माझी शिवण उसवते. मावशी ओरडून हात ओढू लागल्या. ओढलं की दात आणखी फाडतात. डॉक्टरांनी माझ्यावरची छत्री उपसली आणि भोपळ्याला बडवायला सुरुवात केली. मार बसला की कुत्रा पकड सोडत नाही, उलट घट्ट करतो. समोरचे शेजारी जिन्यात उभे राहून "सोड, सोड" असं ओरडत होते. या सगळ्यात डोकं ठिकाणावर होतं फक्त बाईंचं. त्या आतून आल्या त्या पलंगावरचं जाड पांघरूण घेऊनच. ते भोपळ्याच्या डोक्यावर टाकलं, डॉक्टरांना दरडावलं, "मारू नका! मावशी, हात ओढू नका, तसाच धरा!" अंधार झाला तशी पकड सैल पडली. मावशी सुटल्या. भोपळ्याला पांघरुणासकट न्हाणीघरात लोटून बाईंनी कडी घातली.

"कॉफीची पूड दाबा, रक्त थांबेल," शेजारी म्हणाले.

"काही दाबायचं नाही. नळ सोडा. साबण आणा." आणि मावशींचा हात त्यांनी वाहत्या पाण्याखाली धरला, मावशी कळवळत होत्या तरी कितीतरी वेळ धुतला, स्वच्छ कापडात गुंडाळला, आणि तशाच त्यांना घेऊन इस्पितळात गेल्या, टाक्यांसाठी आणि इंजेक्शनांसाठी.

मागे जिन्यात सभा भरली. "ही जातच वाईट!" "एकदम चावला हो, न सांगता सवरता!"

न सांगता? अरे, त्याला सांगायची बंदी कुणी केली होती? आणि चूक झाली की माणसं आधी जात काढतात, ही खोड कुत्र्यापर्यंत पोचली आहे तर! जातीचं काहीच नसतं, असं मी म्हणणार नाही. जबडा मोठा, म्हणूनच तर मला एवढं मोठं शिवलं. लहानसा कुत्रा चावला तर पट्टी लागते, हा चावला तर हात जातो. पण मग ज्याला हे ठाऊक आहे, त्यानं जास्त जपायचं की कमी?

सभा पांगली. घरात डॉक्टर एकटे राहिले. त्यांनी माझ्या जाळीतल्या किल्ल्या काढल्या, मला खिळ्यावरून उतरवलं, स्वयंपाकघरात नेलं, भाजी चिरायच्या पाटावर ठेवलं आणि सुरीनं माझा पट्टा कापला. सहजी कापला गेलो नाही. करवतीसारखी सुरी चालवावी लागली. मधेच थांबून ते न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघत होते. मला क्षणभर त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू? पण ते काय करताहेत हे कळल्यावर मी अंतर्बाह्य पेटलो.

बाई परतल्या. पाटावर काळा चुरा होता. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पाट धुऊन टाकला.

दोन दिवसांनी पालिकेच्या अधिकारी बाई चौकशीला आल्या. भोपळा तोवर त्यांच्या पिंजऱ्यात होता. मावशीही आल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवलं.

"मुसकं लावलेलंच होतं. त्यानं हिसडा देऊन तोडलं. हलका माल, दुसरं काय!"

हलका माल! दुहेरी शिवणीचा मी!

"मला तर नुसते दातच आठवतात," मावशी पुटपुटल्या. "मुसकं होतं की नव्हतं, देव जाणे. डोळ्यांपुढे अंधारीच आली होती."

अधिकारी बाईंनी मला उलटंपालटं केलं. "मालकानं मोकळा सोडला म्हणून चावला असता, तर गोष्ट वेगळी. दंड तुम्हाला, शिक्षण कुत्र्याला, आणि अटी घालून घरी परत. पण असलं दणकट मुसकं तोडून जो चावतो, तो कुणालाच आवरणार नाही. अशाला आम्ही परत देत नाही."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे झोपवतो. इंजेक्शन देऊन."

डॉक्टर पांढरे पडले. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी! त्यांनी ग्लास उचलला, पाणी प्यायलं आणि ग्लास जागेवर ठेवला. बस्स. भोपळ्याचा जीव त्या एका घोटाबरोबर गिळून टाकला.

मग मावशीच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. नाही वाटत. तो मेला म्हणून माझी बोटं थोडीच मिटणार आहेत? मला एवढंच कळू दे, की हे झालं कुणामुळे."

"आमच्यामुळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अगं..."

"गप्प बसा तुम्ही. बाई, मुसकं खिळ्यावर होतं. त्यात किल्ल्या होत्या. पट्टा यांनी कापला, भाजीच्या सुरीनं. आणि पाट मी धुतला. इतकी वर्षं हे म्हणाले 'तो काही करत नाही', आणि मी मान डोलावली. मावशी, मला माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

मावशींनी माफ केलं नाही. नुसतं, "आज बोललीस, हे बरं केलंस," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

डॉक्टरांना दंड झाला, मावशींच्या उपचारांचा खर्चही त्यांच्यावर आला. भोपळा कुत्र्यांना वळण लावणाऱ्या शिक्षकाकडून परत आला. डॉक्टरीणबाईंनी मला तेल पाजलं, नवा पट्टा लावून घेतला. पहिल्या दिवशी मला पाहताच भोपळा पलंगाखाली शिरला आणि गच्चीच्या दाराकडे बघत राहिला. त्यात त्याची काय चूक? बाई जमिनीवर बसल्या, मला हातात धरून, आत चिकनचा तुकडा ठेवून. बसूनच राहिल्या. असं किती दुपारी चाललं. शेवटी एकदा तो सरपटत आला आणि आपलं गरगरीत डोकं आपणहून माझ्यात घातलं. श्वास गार होता. चामड्याला रडता येत नाही, हे एक बरं.

आता जिन्यात तो माझ्याशिवाय पाऊल टाकत नाही. पण मनाला एक शंका कुरतडत राहते. त्या दुपारी मला खरंच लावलं असतं, तर मी टिकलो असतो का? वाळलेला, चरे पडलेला मी? बहुधा टिकलो असतो. नक्की सांगवत नाही. आणि नक्की सांगता येत नाही, याचा राग मला जास्त येतो. कारण तशी वेळच कुणी माझ्यावर येऊ दिली नाही.

परवा जिन्यात मावशी समोर आल्या. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, उजवा हात पाठीमागे. त्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. आता कात्री डाव्या हातात धरतात आणि पांढरे कोट शिवत नाहीत. बाईंनी भोपळ्याला आवळून जवळ घेतलं आणि थांबल्या. मागून डॉक्टर उतरत होते.

"घाबरू नका हो मावशी," ते म्हणाले, "तो काही..."

आणि मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. वाक्य जिन्यातच राहिलं.

म्हणून सांगतो. तुमच्या दारामागे माझा कुणी भाऊबंद लटकत असेल, तर त्याच्यातल्या किल्ल्या काढा. किल्ल्यांसाठी दुसरा खिळा ठोका.