मी 'कडी बाहेरून' बोलतोय

मी 'कडी बाहेरून' बोलतोय. हे माझं नाव आहे. मी एक नाटकाचं पुस्तक. घाटंजीतल्या एका वाचनालयात, खिडकीकडच्या कपाटात, खालच्या फळीवर माझं आयुष्य गेलं. माझा लेखक कोण ते विचारू नका. माझं पहिलं पान कुणीतरी तंबाखूच्या पुडीला फाडून नेलं, त्यासोबत तोही गेला.

माझा जन्म नागपूरच्या एका छोट्या छापखान्यात झाला. कागद हलका, पुठ्ठा पिवळा. मला बांधणाऱ्या माणसानं सहज म्हणून एक पान वाचलं, मग दुसरं वाचलं. मग तो उठला, दारापर्यंत गेला, दार उघडतं ना ते ढकलून बघितलं आणि परत येऊन कामाला लागला. माझ्यात काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

माझी गोष्ट साधी आहे. कापसाच्या गोदामात सहा माणसं जागी होतात. कुणी कुणाला ओळखत नाही. दाराला बाहेरून कडी. बाहेरचा एक आवाज म्हणतो, "तुम्ही सगळे एकेक करून म्हणा, मी माझ्या मर्जीनं इथं आहे. मग दार उघडेल." पाच जण लगेच म्हणून मोकळे होतात. एक पोरगी म्हणत नाही. मग ते पाच जण तिला समजावतात, चुचकारतात, शेवटी अंगावर धावून जातात. अखेर ती म्हणते. कडी निघते. बाहेर कुणीच नसतं. पडदा.

आमच्या वाचनालयाची रीत अशी, की पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा. माझ्या वाचकांनी काय काय लिहिलं म्हणता? 'मुलगी फार हट्टी दाखवली आहे. संस्कार कमी पडले.' हे विठ्ठलरावांचं अक्षर. निवृत्त तलाठी. खाली आणखी एकाचं, 'एक वाक्य म्हणायला काय जात होतं? उगाच ताणलं.' त्याखाली, 'बरं आहे. विनोद नाही.' कोंडलं कुणी, कशासाठी, हे एकाही म्हाताऱ्यानं विचारलं नाही. सगळ्यांचा राग त्या पोरीवर.

एक अभिप्राय वेगळा होता. बाजार ओळीत अनवरीबाईंचं शिलाईचं दुकान आहे. त्यांनी लिहिलं, 'दर वेळी वाटते, या वेळी ती नाही म्हणणार.' मला पुन्हा पुन्हा घरी नेणाऱ्या त्या एकट्याच.

पण एक सांगतो. अभिप्राय काहीही लिहोत, मला वाचताना प्रत्येक जण एकदा तरी उठायचा आणि घराच्या दाराला हात लावून बघायचा. विठ्ठलरावसुद्धा.

बापूजी आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. आयुष्यभर मुख्याध्यापक होते. पांढऱ्याशुभ्र मिशा, इस्त्रीचा सदरा, आणि गावात कुणाचं काय चुकलं ते सांगायची सवय. मार्चच्या वाचक-चर्चेत नुसती चर्चा नको, नाटकाचं वाचन करू, असं त्यांनी ठरवलं आणि मला घरी नेलं.

त्यांच्या घरी मधल्या खोलीला बाहेरून कडी होती. मी दचकलो. माझ्या पानांतलं गोदाम इथं कसं आलं?

आत सलोनी होती. बापूजींची नात. यवतमाळला कॉलेजात शिकायची, तिथल्या नाटकात काम करायची. नाटकातल्या पोरापोरींचा एक हसरा फोटो कुणीतरी बापूजींच्या मोबाईलवर धाडला आणि संक्रांतीला घरी आलेली पोरगी परत गेलीच नाही. आई ताट आत सरकवायची आणि डोळे पुसत कडी लावायची. बापाची शेती होती, ट्रॅक्टर होता, मोटारसायकल होती. बापूजींपुढे उघडायला तोंड तेवढं नव्हतं.

मला कोनाड्यात ठेवून बापूजी दाराशी उभे राहिले.

"सलोनी, कॉलेजवाले म्हणतात, पोरीनं सोताच्या तोंडानं सांगितलं तरच नाव कमी करू. मी माझ्या मर्जीनं घरी आहे, एवढं सांगून टाक. मंग कायले पाहिजे ही कडी?"

"मी नाही म्हणत."

"काहून नाही म्हणत? एक वाक्य तं हाये. जीभ झिजते काय तुही?"

माझी पानं थंड पडली. 'एक वाक्य तर आहे, जीभ झिजते का तुझी', हे माझ्यात छापलेलं आहे. आणि बापूजींनी मला अजून उघडलंही नव्हतं.

वाचनासाठी पोरीचा आवाज पाहिजे होता. गावात विचारून झालं. पण म्हाताऱ्यांच्या बैठकीत कोण आपली पोरगी पाठवणार? ओसरीत चहा पिता पिता विठ्ठलराव म्हणाले, "बापूजी, घरात नाटकवाली असताना गावभर काय हिंडून राह्यले? का पोरगी बाहेर काढाले भेव वाटते?"

बापूजींना 'भेव' हा शब्द झोंबला. शिवाय आणखी एक फायदा त्यांना दिसला. पोरगी चारचौघांत बसली, की गावाला कळेल, घरी मजेत आहे. त्यांनी स्वतःच्या हातानं कडी काढली. कोंडलेल्या पोरीचं काम करायला कोंडलेली पोरगी बाहेर आणली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे असं होतं, स्वतः काही शिकायचं राहून जातं.

मंगळवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या टिनाच्या खोलीत सगळे जमले. विठ्ठलराव, आणखी तिघं पेन्शनवाले, बापूजी, बाहेरच्या आवाजासाठी अनवरीबाई आणि पोरीच्या कामाला सलोनी. बाकीच्यांच्या हातात माझ्या झेरॉक्स. मी सलोनीच्या मांडीवर.

वातावरण पाहिजे म्हणून बापूजींनी समोरच्या गॅरेजातून अफरोजला बोलावलं. सगळ्यांचे मोबाईल पिशवीत भरून त्याच्याकडे दिले.

"अफरोज, बाहेरून कडी लाव. आतून कितीबी बोंबललो तरी उघडू नको, ते नाटक राहीन. पोरीच्या आवाजात 'मी माझ्या मर्जीनं इथं आहे' असं आलं, की मंगच काढ."

"आन् नाही आलं तं?"

"येते कसं नाही! पुस्तकात हाये ना!"

कडी लागली. तो आवाज ऐकून सगळ्यांनी एकदम दाराकडे बघितलं. खरी कडी लागली की असंच होतं.

वाचन रंगलं. पाचांनी आपापलं वाक्य म्हटलं. विठ्ठलरावांनी दम्याच्या म्हाताऱ्याचं काम असं केलं की अनवरीबाईंनाही हसू आलं. मग शेवटचा अंक आला. वीज गेली, पंखा थांबला. टिन तापायला लागलं होतं. सलोनीचं वाक्य आलं.

तिनं मला बंद केलं.

"मी म्हणत नाही. मी माझ्या मर्जीनं नाही. मले संक्रांतीपासून मधल्या खोलीत कोंडलं आहे. हेच वाक्य म्हटलं, की कॉलेजातलं माहं नाव कमी होते."

"वा!" एक पेन्शनवाले म्हणाले. "काय लिहिलंय!"

विठ्ठलराव झेरॉक्सची पानं उलटायला लागले. "माह्या कागदात नाही हे. बापूजी, पान राह्यलं काय झेरॉक्सचं?"

"दुसऱ्या आवृत्तीत असंन," तिसरे म्हणाले.

मी आयुष्यात बरेच मूर्ख वाचक पाहिले. पण जिवंत पोरगी समोर बोलत असताना ती कितव्या पानावर आहे हे शोधणारे पहिल्यांदाच पाहिले.

"पुस्तकात नाही ते," अनवरीबाई म्हणाल्या. "मी लई वेळा वाचलं. पोरगी सोताचं बोलून राह्यली."

मग बापूजी हसल्यासारखं करून उठले आणि दारावर थाप मारली. "अफरोज! झालं नाटक. उघड."

बाहेरून अफरोजचा आवाज आला, "लई भारी करून राह्यले बापूजी!"

"अबे, खरंच सांगून राह्यलो!"

"हे बी सांगतलं होतं तुमी, की असं म्हणाल म्हणून!"

अनवरीबाई दाराशी गेल्या. "अफरोज बेटा, मैं अनवरी खाला. उघड रे."

"खाला, तुमीबी? कमाल करता!" आणि तो मोठ्यानं हसला.

खिडक्यांपुढे पुस्तकांची कपाटं होती. हवा येईना. सदरे अंगाला चिकटले. हळूहळू सगळी तोंडं सलोनीकडे वळली.

"म्हणून टाक ना बाई," एक जण म्हणाले. "म्हटल्यानं काय खरं होते काय?"

"एका पोरीपायी सगळ्यायनं तळमळाचं काय?" दुसरे म्हणाले.

"पोरी, मले बीपी हाये," विठ्ठलराव म्हणाले. "मी मेलो तं तुह्या माथी."

मी बंद होतो. झेरॉक्स जमिनीवर पडल्या होत्या. तरी माझी वाक्यं चालूच होती, एकामागून एक, त्याच क्रमानं. 'म्हटल्यानं काय खरं होतं?' माझं. 'एका पोरीपायी.' माझं. 'मी मेलो तर तुझ्या माथी.' दम्याच्या म्हाताऱ्याचं, शब्द न् शब्द. मी त्यांना हे दिलं नव्हतं. हे त्यांच्यात आधीपासून होतं. माझ्या लेखकानं कुठूनतरी ऐकून नुसतं उतरवलं असेल.

"आबा," सलोनी विठ्ठलरावांना म्हणाली, "तुमी रोज आमच्या ओसरीत चहा पेता. मधल्या खोलीची कडी तुमच्या समोर असते. दिसली नाही काय कधी?"

विठ्ठलरावांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्याच्या घरातलं आपण कायले पाहावं?"

"मंग आता माह्याकडं कायले पाहून राह्यले?"

विठ्ठलरावांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. एरवी त्यांचा सगळ्यावर अभिप्राय असतो.

तेव्हा बापूजी पुन्हा दाराशी गेले. आमच्याकडे पाठ करून, फटीला तोंड लावून उभे राहिले. आणि आवाज आला.

"मी माझ्या मर्जीनं इथं आहे."

सलोनीचा आवाज. तसाच पातळ, शेवटच्या अक्षरावर किंचित उतरणारा. मी तिच्या मांडीवर होतो. तिचं तोंड बंद होतं. अंगावर तेवढा काटा आला होता, तो मला पुठ्ठ्याखाली जाणवला.

कुणी हसलं नाही. पांढऱ्या मिशांच्या माणसातून पोरीचा आवाज निघतो, यात गंमत असायला पाहिजे होती. नव्हती.

कडी निघाली. उजेड एकदम आत आला. "वा सलोनी, एक नंबर…" म्हणत अफरोजनं दार ढकललं. मग त्याला दारातले बापूजी दिसले, आणि पार मागच्या भिंतीशी बसलेली सलोनी दिसली. त्याचं हसू तिथंच राहिलं.

"बापूजी," अनवरीबाईंनी हळूच विचारलं, "याच आवाजात कॉलेजात फोन करून झाला काय?"

बापूजींनी मान खाली घातली.

"कधी केला?" सलोनी उठली.

"काल," बापूजी म्हणाले. घसा बसल्यासारखा झाला होता. "साहेब म्हणले, आज दुपारी नाव कमी करतो. तुह्या भल्यासाठीच केलं बेटा."

आता सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं. आणि माहीत झाल्यावर या वडीलधाऱ्या मंडळींनी काय केलं? चपला शोधल्या. पिशवीतून आपापला मोबाईल घेतला. एकानं तर बापूजींच्या खांद्यावर हात ठेवून "घरोघरी असतेच" असं म्हटलं. विठ्ठलरावांचं बीपी बाहेर आल्याबरोबर उतरलं.

अनवरीबाईंनी सलोनीचा हात धरला. "यवतमाळची गाडी सापडते अजून. चाल. सायबाच्या समोर उभी राहा आन् तुह्या तोंडानं बोल."

"खाला, माह्या पायात चप्पल नाही."

अनवरीबाईंनी आपल्या काढून दिल्या. दोघी निघाल्या, एक चपला घालून, एक तापल्या डांबरावर अनवाणी. बापूजी दारात उभे होते. तोंड उघडलं होतं, पण हाक काही निघाली नाही.

सलोनी वेळेत पोचली. नाव राहिलं. आता ती तिथंच वसतिगृहात राहते.

मला मात्र शिक्षा झाली. बापूजींनी मला काचेच्या कपाटात टाकलं आणि कुलूप लावून किल्ली खिशात घातली. कुणी मागितलं की ते नुसती मान हलवतात. बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलंय. लोक म्हणतात, घशाचा काही आजार असेल. सभेत भाषण नाही, कुणाची चूक काढणं नाही. पण दुपारी वाचनालयात कुणी नसलं, की ते माझ्या कपाटासमोर उभे राहतात आणि घसा खाकरून एखादा शब्द म्हणून बघतात. जो आवाज येतो तो ऐकून पटकन तोंडावर हात ठेवतात. काच मध्ये आहे, तरी मला ऐकू येतं.

परवा सलोनी आली. कॉलेजात हेच नाटक करायचं म्हणत होती. विठ्ठलराव पेपर वाचत बसले होते.

"बापूजी, ते पुस्तक पाहिजे."

बापूजींनी मान हलवली.

"मान नका हलवू. नाही म्हणायचं तं तोंडानं म्हणा."

त्यांनी बराच वेळ ओठ दाबून धरले. मग तोंड उघडलं.

"नेऊ नको."

विठ्ठलरावांच्या हातातला पेपर खाली पडला. तो सलोनीचा आवाज होता. तसाच पातळ, शेवटी किंचित उतरणारा. बापूजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांचंच होतं.

सलोनी पांढरी पडली, पण मागे सरली नाही. तिनं हात पुढे केला. माझ्याकडे नाही, बापूजींकडे.

"तो आवाज माहा आहे, बापूजी," ती म्हणाली. "वापस द्या."

ती हात पुढे करून उभी राहिली. ते बघत राहिले. शेवटी ती गेली.

मी अजून कपाटात आहे. मला कसर लागलीय, पाठ उसवत आलीय. तुम्ही कधी घाटंजीला आलात तर माझं नाव घेऊन मला मागा. तिथला म्हातारा नाही म्हणेल. कुणाच्या आवाजात म्हणतो, तेवढं नीट कान देऊन ऐका.