एकाच ठरावातल्या जावा

थोरली जाऊ नगरपालिकेत पाणी खात्याची प्रमुख आणि धाकटी जाऊ बाग खात्याची. घर एक, स्वयंपाकघर एक, ऑफिसही एकच. पोटात दुखायला माणसाला आणखी काय लागतं?

थोरलीचं दुखणं जुनं होतं. तिचे पाइप जमिनीखाली, धाकटीची फुलं जमिनीवर. नळाला पाणी आलं तर तिची आठवण कोणी काढत नसे. नाही आलं की लोक फोनवरून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. धाकटीला मात्र रस्त्यात थांबवून सांगत, "बाई, तुमच्या बागेत फिरून आमच्या आईचे गुडघे सुधारले!" सासूबाईसुद्धा संध्याकाळी बागेतच जाऊन बसत. पाण्याच्या टाकीपाशी कोण जाऊन बसणार? हे थोरलीला कळत होतं, तरी जळायचं ते जळायचंच.

त्या वर्षी सरकारने बागा आणि पाणी यांच्यासाठी एकत्र निधी काढला. तो हवा तर नगरपालिकेने पाठिंब्याचा ठराव करायचा होता. थोरलीला त्यातून चढावरच्या वस्तीची गंजलेली पाइपलाइन बदलायची होती. तिथल्या बायका अजून खालून हंडे वाहत, आणि "यंदा पाणी देते," असा शब्द तिने त्यांना दिला होता. धाकटीला त्याच वस्तीच्या मुलांसाठी बाग करायची होती.

या नगरपालिकेची एक रीत होती. आपल्या खात्याची बाजू आपण मांडायची नाही, दुसऱ्या खात्याच्या प्रमुखाने मांडायची, आणि आपण तोवर बाहेर बसायचं. जो तो आपलंच घोडं दामटतो, म्हणून ही तोड काढलेली.

आधी धाकटी बाहेर गेली, ती थेट खाली आवारातली झाडं बघायला, आणि थोरली बोलायला उभी राहिली. सुरुवात तिने सरळच केली होती. पण एक म्हातारे सदस्य मध्येच म्हणाले, "त्या बाईंचं काय सांगता, हात लावतील तिथे सोनं करतात!" झालं. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"सोनं कसलं हो," ती हसत म्हणाली, "बाग म्हणजे पांढरा हत्ती. आज झाडं लावाल, उद्या पाणी कुठून घालाल? माझ्याकडे तर मागू नका."

सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. थोरलीला फार बरं वाटलं.

मग ती बाहेर दाराशीच बसली आणि धाकटी आत गेली. दार नीट लागत नसे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. "लोक फुलांसाठी मला नमस्कार करतात," धाकटी सांगत होती, "पण पाइप फुटला की आमच्या ताई भरल्या ताटावरून उठतात. चढावरच्या बायकांना त्यांनी शब्द दिलाय. तो तुम्ही खाली पडू देऊ नका."

आत टाळ्या वाजल्या. थोरलीला आधी रागच आला. टाळ्या पाण्याच्या, आणि पडल्या धाकटीच्या पदरात!

थोरलीलाही आत बोलावून सभापतींनी सदस्यांची मतं मागितली. कोणीतरी विचारलं, "पाणी घेऊन बाग वगळता येईल का?"

"नाही. निधी एकत्र, ठराव एकच," सभापती म्हणाले.

ही अट थोरलीला तोंडपाठ होती. मघाशी बोलताना मात्र ती तिला आठवली नव्हती. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, तसलं काम तिने भर सभेत केलं होतं. पांढऱ्या हत्तीसाठी हात वर करायला फारसं कोणी तयार नव्हतं. ठराव पडला आणि त्याच्याबरोबर चढावरचं पाणीही गेलं.

घरी आल्यावर थोरली ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली. धाकटी मागून आली. तिचे डोळे सुजले होते.

"ताई, मला माफ करा. तुम्ही माझ्यासाठी इतकं बोलला असाल, आणि मला तुमचं पाणी नीट मांडता आलं नाही. त्या बायकांना आता काय तोंड दाखवायचं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. उद्या ऑफिसात कोणी ना कोणी सांगणारच होतं. थोरलीने तोंड उघडलंही. पण समोर ती रडतानाही शहाणी, रडतानाही भली! माफी मागण्यातसुद्धा हिने पहिला नंबर पटकावलाच, असं वाटून थोरलीचा जीव जळाला.

तिने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जरा तयारी करून जा."