जयवंताची पक्की नोकरी

माझा भाऊ जयवंत कबड्डीच्या चढाईला निघाला की विक्रोळीच्या आमच्या चाळीत कुणी घरात थांबत नसे. पण टाळ्यांवर चूल पेटत नाही. संपात बाबांची गिरणी गेली, तेव्हापासून घरात पगार एकच, जयवंताचा, आणि तोही टेंपररी. कंपनीने त्याला टीमसाठी घेतलं होतं. सकाळी मशीनवर, दुपारनंतर कारखान्यामागच्या मैदानात. चषक आणा, पक्कं करतो, असं कंपनीचे मॅनेजर अनंतराव साहेबांनी सांगितलं होतं.

संपाच्या वर्षीच हिवाळ्यात एका बँकेने त्याला बोलावलं. त्यांच्या टीमकडून खेळायचं आणि पहिल्या दिवसापासून कायम. मला वाटलं, देव पावला. पण कंपनीच्या टीमचा कॅप्टन बाळा आमच्या गावचा, त्यानेच जयवंताला चिकटवलेलं. बाबांनी विषयच संपवला.

"गाववाल्याक सोडून जावचा नाय."

जयवंताने बँकेला नाही म्हणून कळवलं. मी कितीतरी दिवस दोघांशी बोलले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

चषक आला. फायनलला गुडघा दुखावला तरी शेवटची चढाई त्याचीच होती. साहेबांनी चषक केबिनमध्ये ठेवला आणि पक्कं करायचं जूननंतर बघू म्हणाले.

जूनमध्ये आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलो. चाळीत सगळ्यांत जास्त नाचला तो जयवंतच, तसल्या गुडघ्यानिशी. वेडा कुठला.

महिन्याभरात कंपनीने कबड्डीची टीम मोडली. पेपरात फोटो क्रिकेटचे येतात, नाव क्रिकेटने होतं, मग मातीत लोळणाऱ्यांवर खर्च कशाला, असा साहेबांचा हिशेब. कॉलेजांतून गोरीगोमटी पोरं आणली आणि ती आल्या दिवसापासून पक्की झाली. जयवंत पुन्हा बँकेत जाऊन आला. त्यांनी आधी त्याचा गुडघा बघितला.

पावसाळा सरता सरता बाळा हसत घरी आला.

"जयवंता, काम झालं रे तुझं. साहेबांनी शब्द पाळला. पक्कं केलं तुला."

बाबांनी चाळभर पेढे वाटले. मी बाळाला चहासुद्धा विचारला नाही, कारण काम काय ते मी आधी विचारलं होतं. कबड्डीचं मैदान उकरून तिथे क्रिकेटचं पिच केलं होतं आणि जयवंताने त्यावर रोलर ओढायचा होता.

पहिल्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि तारेच्या कुंपणापाशी थांबले. मैदानात उतरण्याआधी तो नेहमीसारखा वाकला, माती कपाळाला लावायला.

"कोण रे तू? पिचला हात नको लावूस," पांढऱ्या कपड्यांतला एक पोरगा लांबून म्हणाला.

जयवंत सरळ झाला. त्याने हात पँटला पुसला आणि रोलर ओढायला लागला.